बाही अकरा, लिही

मी मराठीत नापास झाले. वय वर्षं अठ्ठावन्न, माहेर आळसंद, सासर विटा, उभ्या जन्मात मराठीशिवाय दुसरी भाषा तोंडात आली नाही, आणि मी मराठीत नापास. बोलण्यात नव्हे हो, बोलण्यात मला कोण हरवतंय! ऐकण्यात. आणि धडा कुठला, तर माझ्याच दुकानातला, माझ्याच आवाजातला.

पहिल्यापासून सांगते. मधे बोलू नका, माझा धागा तुटतो.

विट्यात एस.टी. स्टँडच्या मागं 'छाया लेडीज टेलर्स' म्हणून दुकान आहे, ते माझं. नवरा गलाईच्या धंद्यात, तिकडं सेलमला सोनं-चांदी आटवतो, वर्षातून एकदा जत्रेला येतो. तेव्हा दुकानात मी आणि माझी एकुलती एक लेक ईश्वरी, दोघीच. तीस वर्षं मी बायकांना टेप लावतेय. बाई समोर उभी राहिली की मला तिचं सगळं कळतं, असा माझा तोरा होता. दिवस गेलेत हे तिच्या सासूआधी मला कळतं. घरात धुसफूस असली की तेही कळतं. ऐन चैत-वैशाखात एखादी म्हणते, "वहिनी, बाही जरा लांब ठेवा." अशा बाईला मी तोंडानं काही विचारत नाही, पण बाहीला आतून मऊ मलमलचं अस्तर लावते. दुखऱ्या दंडाला शिवण लागू नये म्हणून. तिला कळतं, मला कळतं, विषय संपला.

मापाची आमची एक पद्धत आहे. टेप लावणारी आकडा मोठ्यानं म्हणते, वहीवाली लिहिते आणि म्हणते, "लिहिलं." तो शब्द आल्याशिवाय टेप पुढं सरकत नाही. आणि टेप लावताना बाईच्या तोंडाकडं बघायचं नाही. ती अवघडते. हे मला सासूनं शिकवलं आणि मी कधी मोडलं नाही. टेप माझी, वही ईश्वरीची, हे ती दहावीत असल्यापासून ठरलेलं.

चार वर्षांमागं पुण्याहून साने नावाचा एक मनुष्य आला. 'कानोसा' नावाच्या कंपनीचा. बोलायला गोड. म्हणाला, "ताई, तुमच्या दुकानातलं बोलणं आम्हाला हवंय."

"बोलणं? ब्लाउज न्या की," मी म्हणाले.

तो हसला नाही. पुण्याचाच तो. त्यानं मला समजावून सांगितलं, ते मला समजलं तसं सांगते.

आपल्या दवाखान्यांत आता निम्म्या नर्सा ओडिशाच्या, झारखंडच्या, मणिपूरच्या. पेशंट म्हणतो, "पोटात कालवल्यागत होतंय," आणि ती पोर नुसती बघत बसते. भाषांतराची यंत्रं आहेत, पण ती सरळ, साफ वाक्य पकडतात. कण्हत बोललेलं, पदर तोंडात धरून बोललेलं, अर्धं गिळलेलं त्यांना पकडता येत नाही. म्हणून पोरींना भाषा शिकवायची. पण शिकवायच्या टेपा कसल्या, तर स्टुडिओत बसून एकेक शब्द वेगळा करून बोललेल्या. इस्त्रीचं कापड! माणसं बोलतात चुरगळलेलं. एकाच्या बोलण्यात दुसरा, वर मशीनची खडखड, बाहेर एस.टी.चा हॉर्न. शिकायचं तर तसल्या गर्दीतलंच ऐकून शिकायला हवं.

आणि त्यांचं यंत्र नुसतं ऐकवत नाही. माणूस बोलतो त्याला एक ताल असतो. ऐकणाऱ्याच्या डोक्यात एक लहर उठते, ती त्या तालाला धरून चालते. कळायचं थांबलं की लहर निसटते, सेकंदाच्या पाचव्या हिश्शात निसटते. कानामागं एक पट्टी चिकटवायची, ती हे मोजते. कुठल्या शब्दाला निसटली ते यंत्राला दिसतं, आणि पुढचा तुकडा ते त्याच्यापेक्षा एवढासाच अवघड निवडतं. अशा पाच पायऱ्या. सहा महिन्यांत पोरगी विट्याच्या बाजारात भांडून भाजी आणते.

"आणि सहावी पायरी आहे," साने म्हणाला. "न बोललेलं ऐकायची. माणूस बोलायच्या आधी श्वास घेतो, आणि जेवढं बोलायचं असतं तेवढाच घेतो. मोठं काही बोलायचं ठरवलं आणि ऐनवेळी छोटंसं बोलून गप्प बसला, तर श्वास उरतो. यंत्र तो उरलेला श्वास हेरतं. मग आम्ही त्या माणसाच्या फोनवर तो तुकडा पाठवून विचारतो, तेव्हा तुम्हाला खरं काय म्हणायचं होतं? तो सांगतो. ते झालं धड्याचं उत्तर."

"आणि लोक सांगतात?"

"ताई, लोक यंत्राला सगळं सांगतात."

मला त्याच्या बदल्यात दुकानाला एसी मिळणार होता. विट्याचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक नसेल तर मला हसू नका. दारात पाटी लागली, 'इथलं बोलणं भाषा शिकवण्यासाठी वापरलं जातं'. बायका आठवडाभर कुजबुजत बोलल्या, मग विसरल्या. भिंतीला कान असतात म्हणतात, आमच्या भिंतीला कानही आले आणि गारवाही आला.

फॉर्मवर लिहायचं होतं, दुकानात नेहमी बोलणाऱ्यांची नावं, फोन नंबर, आणि त्यांची परवानगी. गिऱ्हाइकांचे अंगठे मी एकेकीला विनवून घेतले. ईश्वरीच्या नावापुढं मीच खूण केली. तिच्या फोनवर पहिला प्रश्न आला तेव्हा ती वही घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"आई, मला न विचारता?"

"घरचीच की तू," मी म्हणाले. "तुला काय विचारायचं?"

ती गप्प बसली. त्या वेळी मी मनात म्हटलं, पटलं तिला.

त्याच साली तिचं लग्न झालं. अकलूजचं स्थळ, घर बरं, दोन भाऊ, ट्रॅक्टरचं शोरूम. मला दिपून गेल्यासारखं झालं होतं, खोटं कशाला बोलू? ती दिवाळीला यायची, दोन दिवस राहायची, "बरं हाय सगळं" म्हणायची आणि जायची. मग एका चैत्रात आली ती महिना झाला तरी जाईना. सकाळी उठून दुकानात यायची, वही उघडायची. मला बरं वाटायचं आणि लाजही वाटायची. दुकान बायकांचं, प्रत्येकीच्या तोंडी एकच, पोरगी सासरी कधी जाणार? आमच्या शेजारच्या पोळकाकू तर रोज यायच्या, काजं-बटणं निमित्ताला.

त्या दिवशी मी ईश्वरीला म्हणाले, चल, तुझा एक ब्लाउज शिवते, नवा घालून जा सासरी. तिचंच माप, म्हणून वही तिच्यापुढं टेबलावर, तीच वाकून लिहितेय आणि मी मागून टेप लावतेय. पोळकाकू माझ्या मशीनवर, काजं शिवत. पुढचं मला आता पाठ आहे, शब्द न् शब्द.

"ईश्वरे, महिना झाला की गं," पोळकाकू म्हणाल्या. "अजून हायसच व्हय?"

"जाईल की," मी म्हणाले. "जावयबापूंचा फोन आलता काल. उंची चौदा."

"लिहिलं. जाते की काकू. उद्या जाते."

"छाती बत्तीस. मागं चौतीस हुती. डाएट करतीस काय गं? हल्लीच्या पोरींची थेरं. दंड दहा."

"लिहिलं. आई, बाही जरा लांब ठेव. कोपरापर्यंत."

"चैतात लांब बाही? उकडून मरशील. बरं बाई, तुझी हौस. बाही अकरा, लिही."

मग काही क्षण नुसतं मशीन. मग ती म्हणाली, "लिहिलं."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ब्लाउज शिवून दिला आणि ती गेली. अस्तर मी लावलं नाही. उकडेल म्हणून.

दीड महिन्यानं अकलूजहून व्याह्यांचा फोन. ईश्वरी घर सोडून गेली. मला वाटलं, येईल इकडंच, जाणार कुठं? दोन दिवस मी स्टँडवर नजर लावून बसले. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "मी नीट हाय, शोधू नका." एवढंच. त्यानंतर दोन वर्षं ती माझा फोन उचलत नव्हती. नवऱ्याला सेलमला सांगितलं तर तो म्हणतो, "तुझ्यापाशी असायची ती. तुला ठाऊक नसलं तर मला काय इचारतीस?" त्या वेळी मला त्याचा असा राग आला! पण बोलला ते बरोबर होतं मेला.

मग यंदा संक्रांतीनंतर दुकानात एक काळीसावळी, ठेंगणी पोरगी आली. नव्या सरकारी दवाखान्यात नर्स, ओडिशाची, नाव रश्मिता. पिशवीतनं कापड काढत म्हणाली, "आगं बया, काय गर्दी म्हनायची ही! वहिनी, घाई न्हाई, पण बुधवारी द्या म्हंजे द्या."

मी टेप धरून तशीच उभी. शब्द माझे, हेल माझा, 'म्हंजे'वरचा ठेकासुद्धा माझा. ती पण माझ्याकडं बघत राहिली.

"तुमीच त्या," ती म्हणाली. "दुकानवाल्या वहिनी! संबलपूरच्या हॉस्टेलात आमी तीस मुली तुमचं ऐकून मराठी शिकलो. तुमी माझ्या गुरू." आणि वाकून नमस्कार करायला लागली. मी फुगले, काय सांगू! चहा मागवला. पोळकाकूंना हाक मारून बोलावलं. बघा म्हटलं, माझी शिष्या आली ओडिशातनं.

चहा पिता पिता तिनं विचारलं, "लांब बाहीची ताई आता बरी हाय ना?"

"कोण लांब बाहीची?"

"सहाव्या पायरीचा एकोणिसावा धडा. तुमची मुलगी. आमच्या हॉस्टेलात त्या दिवशी सगळ्या रडल्या. तिला मार हुता ना दंडावर?"

मी चहाचा कप खाली ठेवला. "कुणी सांगितलं तुला?"

"कुनी कशाला सांगायला पायजे?" तिला माझंच नवल वाटलं. "तुमी 'दंड दहा' म्हनायच्या आधी टेप आवळली. तवा तिचा श्वास असा आत गेला. ऐकला न्हाई तुमी? तुमी तर जवळ हुता."

पोळकाकू उठून गेल्या. काजं-बटणं तशीच राहिली.

तीस वर्षं लोकांच्या लेकींना मलमलचं अस्तर लावलं मी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. मी त्याच दिवशी सान्याला फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोलले. तुम्हाला कळलं होतं, तर मला का नाही सांगितलं? तो शांतपणे म्हणाला, "ताई, बोलणाऱ्यांच्या आयुष्यात पडायचं नाही, असा नियम आहे. नाहीतर लोक मोकळेपणानं बोलणार नाहीत."

"किती जणांनी ऐकलाय तो धडा?"

"एकतीस हजार. फार परिणामकारक धडा आहे."

एकतीस हजार माणसांनी माझ्या लेकीचा श्वास ऐकला. त्यांना कळलं, त्यांनी बरोबर खूण केली आणि पुढच्या धड्याला गेले. मी म्हटलं, हे तुमचं डबडं काढा माझ्या भिंतीवरनं, आत्ताच्या आत्ता. तो म्हणाला, काढतो, पण करार मोडला की तुमच्या दुकानातले सगळे धडे पुसले जातील. ईश्वरीचेसुद्धा. मग मी म्हटलं, राहू द्या. तिचा तेवढाच आवाज होता माझ्याकडं.

ईश्वरीला मी आवाजी निरोप पाठवला. त्या धड्याचं सांगितलं, बाकी काय बोलले ते नीट आठवत नाही, रडणंच जास्त होतं. चौथ्या दिवशी उत्तर आलं. दोन वर्षांनी पोरीचा आवाज, आणि असा सपाट, जणू वही वाचतेय.

"आई, माझं सगळं बोलणं तुझ्या दुकानाच्या भिंतीत हाय. माझी परवानगी तूच दिलीस की. ते ऐक आधी. एकोणिसावा धडा पास झालीस की फोन कर. उचलीन."

एवढं तरी म्हणाली! मला वाटलं, हातचंच आहे. आपलीच भाषा, आपलीच पोरगी, आपलंच दुकान. रश्मितानं मला नाव नोंदवून दिलं. फॉर्ममधे मातृभाषा विचारली, मी मराठी लिहिलं, तर यंत्र अर्जच घेईना. शेवटी तिनं उडिया लिहिलं. शिकण्याचं कारण विचारलं, तिथं मी सांगितलं, लिही, मुलगी.

कानामागं पट्टी लावून बसले. पाच पायऱ्या एका दुपारीत फस्त केल्या. आटपाडीचा मेंढरंवाला, कोकणातली कोळीण, नागपूरचा रिक्षावाला, सगळे कळले. रश्मिता टाळ्या वाजवत होती. मग सहावी पायरी. पहिले अठरा धडे कसेबसे निघाले. एकोणिसावा लागला.

मशीनची खडखड. पोळकाकू. मी. ईश्वरी. "बाही अकरा, लिही." मग ते थांबणं, मग "लिहिलं." आणि खाली प्रश्न: 'शेवटचा शब्द बोलण्याआधी मुलगी थांबते. तेव्हा तिला काय हवं आहे?' चार पर्याय. शेजारणीनं उठून जावं. आईनं बाहीवरून बोलू नये. आईनं 'जाऊ नको' म्हणावं. आईनं टेप खाली ठेवून तिच्या तोंडाकडं बघावं.

मला रडू फुटलं. 'जाऊ नको'वर खूण केली. दुसरं काय असणार? मार खाऊन आलेली पोर, तिला माहेरी राहायचं होतं, आणि मी करंटीनं तिला नवा ब्लाउज घालून परत पाठवली. टेप खाली ठेवायचा पर्याय मला तर उगाच भर घातल्यासारखा वाटला.

चूक.

मग उत्तर वाजलं, ईश्वरीच्याच आवाजात. हे ती यंत्राला बोलली होती, त्याच आठवड्यात, अकलूजला गेल्यावर. "मला वाटलं, आई टेप खाली ठेवील. एकदा माझ्या तोंडाकडं बघील. जायचं का ऱ्हायचं, ते माझं मी बघितलं असतं."

रश्मितानं दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि माझ्याजवळ बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी मनात म्हटलं, आता उत्तर तर कळलं. धडा पुन्हा लावला, चौथ्या पर्यायावर खूण केली. यंत्रानं लिहिलं: 'उत्तर बरोबर. ऐकणं अपूर्ण.' आणि लहरीची रेघ दाखवली. रेघ चांगली चालली होती, पोळकाकूंवर, जावयावर, उंचीवर. "बाही अकरा"ला ती उंच गेली आणि त्याच्यापुढं सरळ खाली. जिथं ईश्वरी थांबते, तिथं माझ्या डोक्यात काहीच चाललेलं नव्हतं. पाठ करून पास व्हायची सोयच नव्हती. खूण हातानं करायची, पण परीक्षा कानाची.

पुन्हा लावला. पुन्हा अपूर्ण. आठवड्यात वीस वेळा. डोळे मिटून, दार लावून, देवापुढं बसून. दर वेळी त्याच जागी रेघ आपटायची. मी चिडून पट्टी काढून फेकली. माझ्या पोरीचा श्वास मलाच ऐकू येईना, आणि संबलपूरच्या पोरींना येतो! काय पाप केलं होतं मी?

"वहिनी, रागावू नका," रश्मिता म्हणाली. "तुमी तुमचाच आवाज ऐकताय. 'बाही अकरा' म्हटलं की तुमचं काम झालं. पुढं तुमी ऐकतच न्हाई. तवा पण न्हाई, आता पण न्हाई."

"मग काढून टाकायला सांग माझा आवाज त्यातनं."

"मग तो खरा धडा ऱ्हाईल का?"

एवढीशी पोर, माझ्याच भाषेत मला बोलत होती, आणि मी ऐकून घेतलं. जन्मात पहिल्यांदा.

मी दुकानात टेप लावणं कमी केलं. बाई बोलायला लागली की टेप टेबलावर ठेवायची, तिच्या तोंडाकडं बघायचं. सासूची शिकवण मोडली. बायका आधी बिचकल्या, मग एकेक बसून बोलायला लागल्या. काम मागं पडायला लागलं. पडू दे म्हटलं. तरी रेघ आपटायचीच. चाळीस झाले, पन्नास झाले.

त्रेसष्टाव्या वेळी मी सहज ईश्वरीच्या जागी उभी राहिले. टेबलापाशी, वहीवर वाकून, हातात पेन. धडा लावला. माझा आवाज मागून यायला लागला, "उंची चौदा," आणि मी लिहिलं. तिच्यासारखं. "छाती बत्तीस," लिहिलं. "डाएट करतीस काय गं?" यात लिहायसारखं काही नव्हतं, पेन तसंच राहिलं. किती बोलते ही बाई, असं वाटलं. "दंड दहा"च्या आधी दंडाला काहीतरी आवळलं, माझ्या दंडाला, आणि तो श्वास ऐकू आला, आत गेलेला. "बाही अकरा, लिही." मी अकरा लिहिलं आणि मान वर करायला थांबले. मागं कोणी बघत नव्हतं. मशीन चालू होतं. थांबले. अजून थांबले. आणि माझ्या तोंडून तिच्याबरोबरच शब्द निघाला, "लिहिलं."

रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग गेली होती. रश्मिता उड्या मारत होती. मला तर त्या टेबलावरून हात उचलवेना.

दुपारी चारला मी फोन लावला. गळ्यातली टेप काढून बाजूला ठेवली. दुसऱ्याच रिंगला तिनं उचलला.

"झाले गं पास," मी म्हणाले.

"कितव्यांदा?"

"त्रेसष्ट."

ती हसली थोडी. मी काय काय ठरवून ठेवलं होतं! चुकले म्हणायचं, ये घरी म्हणायचं, मी बघते कोण काय बोलतंय ते, म्हणायचं.

"कशी हायस?"

"मजेत हाय."

"जेवतीस न्हवं नीट?"

तिनं मोठा श्वास घेतला. "हो गं."

आणि मला ऐकू आलं. केवढा श्वास आणि केवढं उत्तर! उरलेला तिनं तसाच धरून ठेवला होता, दंडावरची टेप सुटायची वाट बघत धरला होता तसा. तिकडं कुकरची शिट्टी झाली, कोणीतरी तिला हाक मारली, ईशू म्हणून, मायेनं. तिचं काही अडलेलं नव्हतं. माझी माफी तिला नको होती, रडणं नको होतं, आणि 'ये घरी' तर नकोच होतं. शब्द दिला होता म्हणून तिनं फोन उचलला होता, आणि आता तो ठेवायचा होता. पर्याय कोणी दिले नव्हते, पट्टी कानाला नव्हती, तरी मला बरोबर कळलं. पोरीचं मनातलं मला आयुष्यात पहिल्यांदा बरोबर कळलं, ते हे.

"ठेवू मग?" मी म्हणाले.

"ठेव."

तिचा धरलेला श्वास सुटला. फोन बंद व्हायच्या आधी मला तो स्पष्ट ऐकू आला.

त्यानंतर मी फोन केलेला नाही. तिला नको आहे हे कळल्यावर कोणत्या तोंडानं करू? आधी कळत नव्हतं तेच बरं होतं, निदान रोज लावून तरी बघायची.

संध्याकाळी माझ्या फोनवर कानोसाचा निरोप आला. भिंतीनं ऐकलं होतं सगळं. एवढासा तुकडा, माझा, "ठेवू मग?" आणि खाली प्रश्न: 'हे म्हणण्याआधी तुम्ही मोठा श्वास घेतलात. तेव्हा तुम्हाला खरं काय म्हणायचं होतं?'

रश्मिता म्हणाली, नका सांगू, पुसून टाका. मी तिला घरी पाठवलं, मशीन बंद केलं, आणि फोन तोंडाजवळ धरून सगळं सांगितलं. जे ईश्वरीला सांगायचं होतं ते सगळं, काही ठेवलं नाही. कुठंतरी एखादी पोरगी ऐकेल, बरोबर खूण करील आणि पुढच्या धड्याला जाईल.